पडवीतल्या गाडीचा गिअर का पडत नाही

बरीच वर्षे उभी असलेली गाडी सुरू करायला निघालेला माणूस बहुधा बॅटरी, पेट्रोल आणि टायर या तीन गोष्टींची तयारी करून येतो. नवी बॅटरी बसवतो, टाकीतले वास बदललेले पेट्रोल काढून टाकतो, टायरांत हवा भरतो. इंजिन दोन-चारदा खोकते आणि सुरू होते. बघायला जमलेली मंडळी खूश होतात. मग तो क्लच दाबून पहिला गिअर टाकायला जातो, तर गिअरबॉक्समधून खर्रर्र असा आवाज येतो आणि गिअर काही पडत नाही. इंजिन बंद केले की तोच गिअर मुकाट्याने पडतो. गिअर टाकून चावी फिरवली तर गाडी जागच्या जागी उडी मारते, आणि समोर भिंत असेल तर भिंतीवर जाते.

कोकणात हे दृश्य नवे नाही. घर बंद, माणसे मुंबईला, आणि पडवीत किंवा मांगराच्या आडोशाला मारुती ८०० उभी. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा पाऊस असतो, शिमग्याला येतात तेव्हा वेळ नसतो. गाडीचे राहून जाते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत तळघरातल्या पार्किंगमध्येही अशा गाड्या असतात. मुले परदेशात, वडील आता चालवत नाहीत, आणि विकायला मन होत नाही.

या प्रकरणासाठी मारुती ८०० हेच उदाहरण घेतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले, आणि मधल्या तीस वर्षांत भारतात २५ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यामुळे 'घरात उभी असलेली जुनी गाडी' म्हटले की अजूनही बऱ्याचदा हीच निघते. शिवाय तिचा क्लच साध्यातला साधा आहे. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक वायर, बस्स. ही गाडी समजली की बाकीच्यांचे फरक सांगायला वेळ लागत नाही.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असते, बिडाचे. त्याला चिकटून क्लच प्लेट: पोलादाची पातळ चकती, जिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे लाइनिंग रिव्हेटांनी ठोकलेले असते. प्लेटच्या पलीकडे प्रेशर प्लेट, तिचाही प्लेटला टेकणारा पृष्ठभाग बिडाचाच. प्रेशर प्लेटच्या मागे डायफ्रॅम स्प्रिंग, म्हणजे खोलगट, आतल्या कडेला बोटे कापलेली पोलादी चकती. ही स्प्रिंग प्रेशर प्लेटला फ्लायव्हीलकडे रेटत राहते आणि क्लच प्लेट मधे चेपली जाते. छोट्या गाडीतही हा रेटा काही क्विंटलांचा असतो. प्लेटच्या मध्यभागी दाते पाडलेले भोक असते, त्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. या दात्यांवरून प्लेटला किंचित मागेपुढे सरकता येते. आपण पेडल दाबतो तेव्हा वायर एक दांडा ओढते, दांडा रिलीज बेअरिंग पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगची बोटे दाबते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. किती? मिलिमीटर-दीड मिलिमीटर. तेवढ्या फटीत प्लेट मोकळी होते आणि इंजिन व चाके यांचे नाते तुटते.

या रचनेतली एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पेडलवर पाय नसतो तेव्हा क्लच चेपलेला असतो. म्हणजे गाडी उभी करून आपण घरात गेलो की प्लेट दोन बिडाच्या पृष्ठभागांमध्ये तशीच दाबून राहते, एक दिवस, एक वर्ष, दहा वर्षे. 'पण मी न्यूट्रलमध्ये उभी केली होती' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. न्यूट्रलचा इथे काही संबंध नाही. न्यूट्रल ही गिअरबॉक्सच्या आतली गोष्ट. क्लच त्याच्या अलीकडे, आणि तो न्यूट्रलमध्येही तितकाच आवळलेला असतो.

आता यात कोकणची हवा घाला. लोखंड गंजायला पाऊस अंगावर पडावा लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर पाण्याचा न दिसणारा थर धरतो आणि गंजाचे काम वेगाने चालू होते. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आर्द्रता कितीतरी वेळ ८५ टक्क्यांच्या वर असते. त्यात समुद्राकडून येणारे मीठ. मिठाचे कण हवेतले पाणी ओढून घेतात आणि कमी आर्द्रतेलाही गंज चालू ठेवतात. भरीला फ्लायव्हीलचे वजन. पहाटे गार झालेले हे जड बीड सकाळी हवेच्या मागाहून तापते, आणि तोवर दमट हवेतले पाणी त्याच्यावर दवासारखे धरते. ज्या आवरणात हे सगळे बसते ते बेल हाउसिंग हवाबंद नसते. त्याला फटी असतात, दांडा आत जातो ती जागा उघडी असते.

फ्लायव्हीलला रंग नसतो, तेल लावता येत नाही (लावले तर क्लच घसरेल), आणि लाइनिंगमध्ये तंतू, राळ व बऱ्याचदा तांब्या-पितळेचे धागे असतात. लाइनिंग ओल धरून ठेवते. लोखंड गंजले की गंजाचा आकार मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त होतो, तो लाइनिंगच्या खाचांत आणि छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. पावसाळ्यात माळ्यावर ओलसर राहिलेले बिडाचे दोन तवे एकावर एक ठेवले आणि वर वरवंटा ठेवला, तर दिवाळीला काय हाती लागेल, तेच इथे होते. मग पेडल दाबले की प्रेशर प्लेट आज्ञाधारकपणे मागे सरते, पण क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरलेली ती धरलेलीच. गॅरेजमध्ये म्हणतात, 'प्लेट धरली.' विदर्भात हेच घडायला जास्त वर्षे लागतात. तिथे उन्हाळ्याच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की बीड निवांत पडून राहते.

पुरात बुडालेली गाडी हा याचाच वेगवान अवतार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीत बेल हाउसिंगमध्ये थेट पाणी शिरते, आणि पाणी ओसरल्यावर ती नुसती उभी ठेवली तर प्लेट धरायला वर्षे लागत नाहीत, थोडे दिवस पुरतात.

क्लचचे हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. सुरुवातीच्या गाड्यांत शंकूच्या आकाराचे क्लच असत आणि त्यांवर चामडे चढवलेले असे. चामडे सुकले की क्लच एकदम पकडायचा आणि गाडी धक्का खायची, म्हणून चालक त्याला गुरांच्या खुरांपासून काढलेले तेल चोळत. इंग्लंडमध्ये १८९७ पासून हर्बर्ट फ्रूड याने घर्षणाचे लाइनिंग बनवायचा उद्योग उभारला, तीच पुढची फेरोडो कंपनी. नंतर लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आले, ते अनेक दशके राहिले. त्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल, कारण जुनी गाडी उघडताना ते आजही नाकात जाऊ शकते.

आता निदान. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. गिअर पडत नाही म्हटले की गॅरेजवाला 'क्लच गेला' म्हणतो आणि गिअरबॉक्स उतरवायला घेतो. पुष्कळदा प्लेट ठणठणीत असते आणि दोष वायरीत निघतो.

आधी पेडल काय सांगते ते पाहा. पेडल दगडासारखे घट्ट असेल, हलतच नसेल, तर बहुधा वायर तिच्या आवरणात गंजली आहे किंवा दांड्याचा खालचा शाफ्ट त्याच्या बुशात जाम झाला आहे. अशा वेळी पायाचा जोर लावू नका. वायर तुटते, नाहीतर पेडलजवळचा पत्रा वाकतो. पेडल एकदम सैल पडून राहिले असेल तर वायर तुटली किंवा निसटली आहे. दोन्ही दुरुस्त्या स्वस्त आहेत. पेडल नेहमीसारखे वाटत असेल तर बॉनेट उघडा, एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा दांडा पाहावा. पेडल जाते पण दांडा जेमतेम हलतो, तर वायर ताणली गेली आहे किंवा तिची जुळणी बिघडली आहे. दांडा पूर्ण फिरतो आणि तरीही गिअर पडत नाही, तेव्हा संशय प्लेटवर घ्यावा.

संशय पक्का करायला सपाट जागा आणि दोन माणसे लागतात. इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. आधी न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहा. ही पायरी कोणी करत नाही, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे: गाडी न्यूट्रलमध्येही हलली नाही तर मागच्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटले आहेत, क्लचचा विचार नंतर. न्यूट्रलमध्ये सुरळीत सरकली, तर गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि पुन्हा ढकला. मोकळ्या क्लचने गाडी जवळजवळ तशीच सरकेल. इंजिनाचा अडथळा लागला, गाडी ढकलताना इंजिन कण्हत फिरू लागले, तर प्लेट धरली आहे.

द्रवावर चालणाऱ्या क्लचमध्ये वायरीच्या जागी मास्टर सिलिंडर, पाइप आणि स्लेव्ह सिलिंडर असतात, आणि रोग वेगळा असतो. त्यात वापरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि हवेतले पाणी ओढून घेते. उभ्या गाडीत ते पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पाडते. रबरी वॉशर कडक होतात किंवा फुगतात. पेडल खाली जाते आणि खालीच राहते. वॉशर किट टाकून काही काळ निभावते, पण भिंतीला खड्डे पडले असतील तर नवे वॉशर त्याच खड्ड्यांवर घासून लवकर जातात. मग सिलिंडरच बदलावा. हे ऑइल रंग खाते, त्यामुळे बॉनेटवर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

समजा प्लेट धरली आहे. सोडवण्याचे उपाय आहेत, आणि त्यांना क्रम आहे. मोबाइलवर दिसणारे धाडसी उपाय शेवटचे असतात. लोक तिथूनच सुरुवात करतात.

पहिला उपाय आळशी माणसाला मानवेल असा आहे. पेडल पूर्ण दाबून त्याच्या आणि सीटच्या मधे लाकडाचा ठोकळा किंवा मापाची काठी अडकवून ठेवा, एक रात्र, दोन रात्री, आठवडाभर. यामुळे स्प्रिंगचा रेटा प्लेटवरून निघून जातो आणि तिला धरायला फक्त गंज उरतो. दिवसा-रात्रीच्या तापण्या-निवण्याने बीड आणि लाइनिंग कमी-जास्त पसरतात, आणि गंजाची पकड कधीकधी आपोआप सुटते. सकाळी उठून ढकलण्याची चाचणी करावी, बस्स. यात काही मोडत नाही आणि खर्च शून्य.

त्याने सुटली नाही तर ऊब द्या. गाडी बाहेर मोकळ्या हवेत आणा; बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे म्हणजे विषारी धुराशी खेळ. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्या. त्याची उष्णता हळूहळू फ्लायव्हीलपर्यंत पोहोचते. मग इंजिन जरा वर नेऊन क्लच दहा-वीसदा दाबा-सोडा. थरथरीने पुष्कळदा काम होते. नंतर इंजिन बंद करून, पेडलला पुन्हा ठोकळा लावून गाडी थंड होऊ द्या. हा फेरा दोन-तीनदा करायला हरकत नाही. उघड्या फटीतून गंज सोडवणारे तेल फवारण्याचा मोह मात्र आवरा. प्लेट सुटेलही, पण तेल प्यायलेले लाइनिंग पुढे घसरत राहील आणि तुम्ही गिअरबॉक्स उतरवणारच.

तिसरा उपाय जोराचा. त्याला मोकळे मैदान हवे, समोर-मागे माणूस, गुरे, भिंत काही नको. आणि ब्रेक आधी तपासलेले असले पाहिजेत. वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे ब्रेक गृहीत धरायचे नसतात. क्लच सुटणार नाही हे धरून चालायचे, म्हणजे गाडी थांबवायला ब्रेक आणि चावी एवढीच साधने हातात आहेत. इंजिन तापवून बंद करा, पहिला गिअर टाका, चावी फिरवा. स्टार्टरच गाडी पुढे ओढेल आणि इंजिन पकडेल. थोडा वेग आल्यावर पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबा-सोडा, दाबा-सोडा. गाडी पुढे-मागे हिसके खाईल. इंजिनाचा जोर एकदा पुढे, एकदा उलटा येतो आणि गंजाचा सांधा तुटतो. एकदम इंजिन मोकळे होऊन वर जाते आणि गाडी नुसती घरंगळू लागते, तेव्हा समजावे सुटली. दोन-तीन फेऱ्यांत सुटली नाही तर थांबा. पुढे जोर लावत राहिल्यास लाइनिंग रिव्हेटांतून उपटून येते किंवा गिअरबॉक्स व एक्सल यांना मार बसतो. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढणे, पुढची चाके जॅकवर उचलून गिअरात रेस करणे असे प्रकारही लोक करतात. माझे मत विचाराल तर जॅकवरचा प्रकार करूच नये. गाडी जॅकवरून उतरली तर ती उतरताना चालत असते.

सुटलेल्या प्लेटवर लगेच भरवसा ठेवू नका. पहिले काही दिवस निघताना गाडी थरथरते, कारण फ्लायव्हीलवर प्लेटच्या आकाराचा गंजाचा ठसा राहिलेला असतो. तो घासला गेला की थरथर बहुधा कमी होते. न झाल्यास लाइनिंगचे तुकडे गेले आहेत. मग वरच्या गिअरात, कमी वेगाला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन पाहा. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग तसाच राहतो, तर क्लच घसरतो आहे. उभ्या गाडीत इंजिनाच्या मागच्या टोकाचे ऑइल सील सुकून फाटलेले असते आणि तेल थेट प्लेटवर येते, हे घसरण्याचे नेहमीचे कारण.

दात्यांचा गंज ही वेगळी चोरटी भानगड आहे. प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते, पण शाफ्टवर सरकत नाही, त्यामुळे अर्धवट ओढत राहते. गिअर कधी पडतो, कधी खरखरतो. रिव्हर्स हमखास कुरकुरतो. ठोकळा आणि हिसके याला फार उपयोगी पडत नाहीत. गिअरबॉक्स उतरवून दाते तारेच्या ब्रशने साफ करावे लागतात आणि अगदी पातळ ग्रीस द्यावे लागते. जास्त दिले तर ते उडून लाइनिंगवर बसते.

गिअरबॉक्स उतरवायचे ठरले तर मारुती ८०० चे काम सरावलेल्या मेस्त्रीला अर्ध्या-एक दिवसाचे. खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो, म्हणून उघडलेच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, आणि मागचे ऑइल सीलही. 'बेअरिंग चालेल अजून' असे म्हणणारा मेस्त्री प्रामाणिक असेल, पण त्या बेअरिंगमधले ग्रीस सुकलेले असते आणि ते चार महिन्यांनी ओरडायला लागले की तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. फ्लायव्हील पॉलिश पेपरने घासून निघते. खोल खड्डे किंवा तापल्याच्या निळ्या खुणा असतील तरच लेथवर न्यावे. बेल हाउसिंगमध्ये उंदरांचे घरटे सापडले तर नवल करू नका.

जुन्या प्लेटच्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यावर कित्येक वर्षांनी आजार देते. गॅरेजमध्ये बेल हाउसिंग उघडल्यावर हवेचा पाइप लावून धूळ उडवायची पद्धत आहे. ते करू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा, मेस्त्रीच्या तोंडाला मास्क असू द्या, आणि मुलांना लांब ठेवा.

गाडी परत उभी करून जायचीच असेल तर धुऊन लगेच उभी करू नका; धुतल्यावर पाच-दहा किलोमीटर चालवून खालचा भाग सुकवा. प्लास्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळली तर खालची ओल आतच कोंडते. हँडब्रेक सोडून चाकांना दगड लावा. काही ट्रॅक्टरांना पेडल दाबलेल्या स्थितीत अडकवायचा हुक मुद्दाम दिलेला असतो; मोटारीत ठोकळ्याने तेच करता येते, पण ते वायरीच्या क्लचला. द्रवाच्या क्लचमध्ये सीलवर सतत दाब राहतो, तिथे टाळलेले बरे. सगळ्यात उत्तम म्हणजे शेजाऱ्याला किल्ली देऊन पंधरा दिवसांतून एकदा गाडी इंजिन तापेपर्यंत चालवायला सांगणे. नुसती जागेवर सुरू करून बंद करण्यात क्लचला काही मिळत नाही. निदान इंजिन चालू असताना पेडल दहा-बारा वेळा दाबायला तरी सांगा.

आणि अशी उभी गाडी तुम्ही विकत घ्यायला गेला असाल, तर 'फक्त बॅटरी टाका, लगेच चालेल' हे ऐकून पैसे देऊ नका. विकणाऱ्यासमोर न्यूट्रलमध्ये ढकला, मग गिअर टाकून क्लच दाबून ढकला. दुसऱ्या वेळी इंजिनाचा अडथळा लागला, तर पूर्ण क्लच सेट आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी किमतीतून वजा करूनच भाव सांगा.